केसांच्या तेलाचा सुगंध : गिऱ्हाईक वासावर येते, विश्वासावर टिकते

चैत्र पौर्णिमेला येरमाळा येथे येडेश्वरी देवीची यात्रा भरते. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या, कळंब तालुक्यातल्या या गावी त्या दिवसांत लाखो भाविक लोटतात आणि परंपरेप्रमाणे चुनखडी वेचतात. जत्रा म्हटली की बाजार आलाच. मराठवाड्यातल्या अशा जत्रांमध्ये आपल्या समाजातले मणियार बांगड्यांचे, तर अत्तार बांधव अत्तर, कुंकू, बुक्का, उदबत्ती आणि सुवासिक तेलाचे दुकान पिढ्यानपिढ्या मांडत आले आहेत. 'अत्तार' या शब्दाचा अर्थच मुळी सुगंधाचा व्यापारी.

या दुकानावर तेल घ्यायला आलेली बाई काय करते, ते आपण रोज पाहतो. ती बाटलीचे झाकण उघडते, वास घेते, थेंबभर तेल हाताच्या पाठीवर चोळते, पुन्हा वास घेते आणि मग भाव विचारते. तेल कशाचे आहे, हा प्रश्न क्वचितच येतो. म्हणजे तिने खरेदी केली ती सुगंधाची; तेल त्याबरोबर घरी गेले. म्हणून या धंद्यातल्या माणसाला सुगंधाची माहिती तेलापेक्षाही अधिक असायला हवी.

सुगंध तेलात कसा बसतो?

जुनी पद्धत फुलेलाची. तिळाच्या थरावर चमेली किंवा मोगऱ्याच्या ताज्या फुलांचा थर द्यायचा, फुले कोमेजली की बदलायची. तिळाने सुगंध पुरेसा शोषला की ते घाण्यात गाळायचे. तिळातली चरबी सुगंध धरून ठेवते, हे त्यामागचे शास्त्र. कन्नौजची पद्धत निराळी. तेथे तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी तापवतात, वाफ नळीवाटे भपक्यात उतरते आणि भपक्यातले चंदनतेल तो सुगंध पिऊन घेते.

आज बाजारात मिळणारे बहुतेक सुवासिक केशतेल यांपैकी कोणत्याच रीतीने बनत नाही. लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, हा त्यातला मोठा भाग असतो. ते स्वस्त असते, त्याला स्वतःचा वास नसतो आणि ते खवट होत नाही. त्यात थोडे वनस्पती तेल, रंग आणि कारखान्यात तयार केलेला सुगंध मिसळतात. सुगंधाचे प्रमाण साधारणपणे शेकडा अर्धा ते एक असते, म्हणजे एक लिटर तेलाला पाच ते दहा मिलिलिटर. आवळ्याचे चित्र असलेल्या बाटलीला जो वास येतो, तोही बहुधा या मिश्रणाचाच असतो. आवळ्याला स्वतःचा असा दरवळ फारसा नाही.

सर्व सुगंध सारख्या वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्र्याचे हलके वास आधी जातात. मोगरा, गुलाब मधले. चंदन, वाळा, कस्तुरी यांचे जड वास सर्वांत शेवटी. दुकानात झाकण उघडल्यावर जो वास येतो तो पहिला. बाईच्या डोक्यावर तिसऱ्या दिवशी उरतो तो शेवटचा. आज घेतलेले गिऱ्हाईक पुढच्या जत्रेला परत येते ते या दुसऱ्या वासामुळे.

सातासमुद्रापलीकडचा धडा

या धंद्याचा एक मोठा अध्याय अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी लिहिला आहे. सारा ब्रीडलव्ह ही गुलामीतून मुक्त झालेल्या आईबापांची मुलगी. जन्म १८६७. कपडे धुण्याचे काम करता करता ती केसांचे मलम विकू लागली आणि पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावाने प्रसिद्ध झाली. १९१० साली तिने इंडियानापोलिस शहरात आपला व्यवसाय स्थिर केला. तिच्या मलमात गंधक होते. गंधकाचा वास कोणाला आवडणार? म्हणून त्यात व्हायोलेट फुलाचा सुगंध घातलेला असे. औषधाचा वास झाकायचा आणि वापरणाऱ्या स्त्रीला ऐट वाटू द्यायची, अशी दोन्ही कामे त्या एका सुगंधाने केली. वॉकरबाईंनी हजारो स्त्रियांना विक्रीचे शिक्षण देऊन घरोघरी पाठवले. कष्टकरी स्त्रीच्या पैशावर उभा राहिलेला हा धंदा होता.

त्या बाजाराचे महत्त्व आपल्या देशातल्या कंपन्यांनीही ओळखले. आवळा तेलासाठी घरोघरी माहीत असलेल्या डाबर कंपनीने २०१० साली शिकागोची नमस्ते लॅबोरेटरीज ही कंपनी घेण्याचा करार केला. ती प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांसाठी केसांची उत्पादने बनवणारी कंपनी होती.

मात्र याच बाजारातून एक इशाराही आला. २०१८ साली अमेरिकेतल्या सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूट या संस्थेने कृष्णवर्णीय स्त्रिया वापरतात अशी केसांची १८ उत्पादने तपासली. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात बिघाड करण्याचा किंवा दम्याशी संबंध असण्याचा संशय असलेली ६६ रसायने त्यात शोधण्यात आली. त्यांपैकी ४५ सापडली. सापडलेल्या रसायनांपैकी ८४ टक्के लेबलवर लिहिलेलीच नव्हती. सुगंधाशी संबंधित रसायने त्यात ठळक होती, कारण लेबलवर 'सुगंध' हा एकच शब्द लिहिला की त्याखाली कितीही घटक लपतात. रसायन सापडले म्हणजे प्रत्येकीला अपाय झालाच, असा याचा अर्थ नाही. पण ज्या स्त्रीने पैसे मोजले तिला ते कळले नव्हते, हे मात्र खरे.

हे आपल्याला का लागू पडते?

साबण अंगावरून मिनिटाभरात धुतला जातो. तेल डोक्यावर राहते. कृष्णवर्णीय स्त्रियांचे केस कुरळे आणि कोरडे, म्हणून त्या ते वारंवार धुत नाहीत आणि लावलेले मलम अनेक दिवस राहते. आपल्या गावाकडची बाईही आठवड्यातून एकदोनदाच न्हाते आणि रोज तेल लावते. तिचे मूल त्याच केसांशी खेळते, त्याच उशीवर झोपते. आपण विकलेला सुगंध इतका वेळ त्या घरात राहतो.

येथे आपल्या बांधवांचा एक समज तपासून घ्यायला हवा. आपण 'अल्कोहोलविरहित' अत्तर आवर्जून घेतो व विकतो, ते ठीकच आहे. पण अल्कोहोल नाही म्हणजे चंदनतेल आहे, असे नव्हे. चंदन महागल्यापासून अनेक अत्तरांचा आधार लिक्विड पॅराफिन किंवा डीईपी, डीओपी या नावाने ओळखली जाणारी थॅलेट जातीची रसायने असतात. अमेरिकेतल्या त्या तपासणीत सापडलेल्या रसायनांत डीईपीही होते. तेव्हा ठोक व्यापाऱ्याला केवळ "अल्कोहोल आहे का?" एवढेच न विचारता "आधार कशाचा आहे?" असे विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

केशतेल हे सौंदर्यप्रसाधन आहे. त्याला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू आहेत. परवानाधारक कंपनीची सीलबंद बाटली विकायला निराळा परवाना लागत नाही. परंतु तेलात रंग-सुगंध मिसळून, बाटल्या भरून, आपले नाव लावून विकणे म्हणजे उत्पादन. त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वतःचा कारखाना उभारणे परवडत नसेल, तर दुसऱ्या परवानाधारकाच्या कारखान्यात आपला माल बनवून घेण्यासाठी 'लोन लायसन्स'ची सोय नियमात आहे. चार-पाच अत्तार बांधवांनी एकत्र येऊन ही वाट धरली, तर खर्च वाटला जाईल.

लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत हवी. घटकांची यादीही हवी. मात्र ६० मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीला यादीतून सूट आहे, आणि जत्रेत खपते ती नेमकी लहान बाटली. कायद्याने सूट दिली तरी यादी छापायला कोणी मनाई केलेली नाही. जो छापील, त्याचे नाव होईल. करापुरते सांगायचे तर २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलाचा माल घेणे पूर्वीइतके जड राहिलेले नाही.

दुकानदारांसाठी चार सूचना

१. नवा माल आला की दोन-चार थेंब कापसावर घ्यावे. लगेच, संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी वास घ्यावा. शेवटी रॉकेलसारखा किंवा खवट वास उरला, तर तो माल परत करावा.

२. चैत्राच्या उन्हात बाटल्या मांडून ठेवू नयेत. ऊन आणि उष्णता यांनी सुगंध बिघडतो. पुढे एकेक नमुना ठेवावा, बाकीचा माल सावलीत खोक्यात असावा.

३. वास उग्र केला म्हणजे माल चांगला होत नाही. सुगंधाचे प्रमाण वाढले की कपाळाच्या कडेला आणि मानेवर खाज येण्याचा संभव वाढतो. नव्या गिऱ्हाइकाला कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहायला सांगावे.

४. खनिज तेल असेल तर तसे सांगावे. 'शुद्ध आवळा', 'अस्सल चमेली' हे शब्द तसे असेल तरच वापरावेत.

हुजूर (स.) यांना सुगंध प्रिय होता आणि ते केसांना तेल लावत, हे आपण जाणतोच. बाजारातला तो प्रसंगही सर्वांना ठाऊक आहे. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर आतला माल ओला लागला. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. तेलाच्या धंद्यात वर दिसतो तो सुगंध. आत काय आहे हे फक्त दुकानदाराला ठाऊक असते. जी बाई अक्षर न वाचता, केवळ आपल्या तोंडाकडे पाहून बाटली पिशवीत टाकते, तिचा विश्वास ही आपल्याकडची अमानत आहे. ती सांभाळली, तर मोठ्या कंपन्यांच्या गर्दीतही अत्ताराच्या दुकानाला बरकत राहील, इन्शाअल्लाह.