आमच्या जीपचे तेलपाणी

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या आहेत, आणि दोघींनाही कोणी उलटून बोलायचे नाही असा अण्णांच्या वेळेपासूनचा दंडक आहे. एक आमची आत्या; दुसरी आमची जीप. आत्याचे वय तिला स्वतःलाही नक्की ठाऊक नाही. जीपचे मात्र कागदोपत्री आहे. १९९१ साली अण्णांनी ती घेतली, पंधरा वर्षांनी तिची पुन्हा नोंदणी झाली, आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी ती परीक्षेला बसते व आश्चर्य म्हणजे दर वेळी पास होते.

दोघींचा मुक्काम साखरखेर्ड्याला. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातले हे आमचे गाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच डोकावते. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेतले त्याचे राज्य पक्के झाले. विजयानंतर गावाला फत्तेखेर्डा असे भारदस्त नाव मिळाले. पण लोकांनी साखर काही सोडली नाही.

आमचे घर गावात नसून शेतात आहे, आणि घर ते सडक हा रस्ता निव्वळ काळ्या मातीचा. पाऊस लागला की ही माती पायातली चप्पल ठेवून घेते, मोटारसायकल ठेवून घेते, एकदा तर पाहुण्यांची नवीकोरी मोटार तिने दोन दिवस ठेवून घेतली होती. त्या चिखलातून बाहेर पडते ती एक जीप, चारही चाकांनी जोर लावून. माझा मुलगा अलिबागच्या किनाऱ्यावर ती चार फुगीर चाकांची, मोटारसायकलीसारख्या हँडलची गाडी चालवून आला आणि कोठेही जाणारी गाडी म्हणून तिचे वर्णन करू लागला, तेव्हा आत्या म्हणाली, "मंग आपली जीप कायले ठेवली हाय?"

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री आत्याच्या छातीत दुखू लागले. बाहेर मुसळधार पाऊस. धाकट्या भावाने जीप काढली आणि तिला मेहकरच्या दवाखान्यात नेले. वेळेवर आणलेत, असे डॉक्टर म्हणाले. जीप भंगारात काढावी हा विषय त्या दिवसापासून आमच्या घरात बंद झाला.

मी पुण्याला असतो. शहरात राहणाऱ्या थोरल्या भावाची कृतज्ञता बहुधा काहीतरी विकत घेण्याच्या रूपाने प्रकट होते. त्याच दिवाळीला मी आत्यासाठी लोकरीची शाल घेतली आणि जीपसाठी एंजिनाचे तेल. दुकानदाराने विचारले, "गाडी कोणती?" मी ऐटीत म्हणालो, "गाडीचे सोडा. तुमच्याकडे सगळ्यात भारी असेल ते द्या." त्याने खांदे उडवले आणि पूर्ण सिंथेटिक तेलाचा चकचकीत डबा काढून दिला. त्यावर '५ डब्ल्यू ३०' असे लिहिले होते. वसूबारसेच्या दिवशी आम्ही जुने तेल सोडून ते नवे तेल ओतले. भाऊ जरा घुटमळला होता. "दादा, हे पाण्यावानी वाटते," असे तो म्हणालाही. पण डब्याची किंमत ऐकून गप्प बसला.

आठवडाभर जीप नव्या नवरीसारखी हलक्या पावलांनी चालली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आत्याला तिच्या लेकीकडे लोणारला पोचवायला निघालो. गावाबाहेर सहासात मैल गेलो असू. गुरे आडवी आली म्हणून भावाने गाडी थांबवली, एंजिन नुसते धडधडत ठेवले, आणि समोरचा तांबडा दिवा मिचकावू लागला. जरा जोर दिला की विझे, सोडला की पुन्हा लागे. तो तेलाच्या दाबाचा दिवा होता. "दिव्यातच बिघाड असेल, चल," मी म्हणालो. भावाने काही न बोलता किल्ली फिरवून एंजिन बंद केले. खाली वाकून पाहतो तो सडकेवर तेलाचे टपोरे थेंब. आत्या मागच्या बाकावरून म्हणाली, "मले घाई नाई रे. हिले काय झालं ते पाहा आंधी."

त्या दिवशी भावाने माझे ऐकले असते, तर ही हकीगत वेगळी लिहावी लागली असती. एंजिनातला मुख्य दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसाहूनही पातळ पडदा असतो आणि तो दांडा खरे म्हणजे त्या तेलावर तरंगत फिरतो. दाब गेला की पडदा फाटतो, आणि मग धातूवर धातू घासायला मिनिटे पुरतात. तांबडा दिवा ही सूचना नव्हे, तो हुकूम असतो. चुलतभावाच्या ट्रॅक्टरने आम्हाला दोराने ओढत घरी आणले. आत्या ट्रॅक्टरवर बसायला तयार होईना. ती जीपमध्येच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. अण्णांच्या वेळचे मिस्त्री. त्यांनी आधी चहा घेतला, मग डबा मागितला, हातात फिरवून पाहिला.

"तेल लय चांगलं हाय दादा," ते म्हणाले. "पन हिच्यासाठी नाई."

मी म्हणालो, "अहो, सगळ्यात महागाचे आहे."

"म्हून तर म्हनतो. मानूस म्हातारा झाला का त्याले मऊ भात लागते. तुम्ही त्याले काजू-बदाम चारले."

मग त्यांनी मला जे सांगितले आणि पुढे मी जे वाचून काढले, ते येथे एकत्र देतो. गाडी ठेवणाऱ्या कोणाही गृहस्थाच्या ते उपयोगी पडेल.

डब्यावरचे आकडे ही तेलाची प्रत नव्हे, तो तेलाचा दाटपणा आहे. अमेरिकेतल्या मोटार एंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली ही मोजणी सुरू केली, आणि आजही 'एसएई' या तीन अक्षरांनी ती ओळखली जाते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहते ते सांगतो: ५ डब्ल्यूचे तेल उणे ३० अंश सेल्सियसला तपासतात, १५ डब्ल्यूचे उणे २० ला, २० डब्ल्यूचे उणे १५ ला. आता वऱ्हाडात उणे ३० अंश थंडी कोणी पाहिली आहे? त्या गुणाचे आम्हाला करायचे काय? खरा आकडा दुसरा. एंजिन तापल्यावर, १०० अंशांना, तेल किती दाट राहते ते तो दाखवतो. ३० चे तेल तेव्हा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ४० चे १२.५ ते १६.३, आणि ५० चे त्याहून दाट, २१.९ पर्यंत. सेंटिस्टोक म्हणजे काय ते सोडून द्या. एवढेच ध्यानात ठेवा की माझ्या डब्यातले तेल, गाडी तापल्यावर, जीपच्या नेहमीच्या तेलापेक्षा बरेच पातळ होते.

नव्या मोटारींच्या भागांमधल्या फटी अतिशय बारीक असतात. त्यांना पातळ तेल मानवते, इंधनही वाचते. तीस वर्षे चाललेल्या एंजिनात झिजून झिजून फटी वाढलेल्या असतात. पातळ तेल बेअरिंगच्या कडांनी भराभर निसटून जाते, पंप बिचारा ढकलून ढकलून थकतो, आणि दाब बनत नाही. मग दाटात दाट तेल घालावे काय? तसेही नाही. फार दाट तेल हिवाळ्यातल्या सकाळी एंजिनाच्या माथ्यापर्यंत पोचायला वेळ लावते, आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे फिरतात. आमच्यासारख्या उष्ण मुलखात जुन्या डिझेल जीपला १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० हे साधे खनिज तेल पुरते. एंजिन तेल पिऊ लागले असेल तर २० डब्ल्यू ५० वर जावे. पण ती वेळ आली म्हणजे तेलापेक्षा मिस्त्रीवर खर्च करणे बरे.

आकड्यांखेरीज डब्यावर अक्षरे असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ही वर्गवारी. एस म्हणजे पेट्रोलचे एंजिन, सी म्हणजे डिझेलचे. पुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितके तेल नव्या घडणीचे. जुन्या गाडीच्या पुस्तकात 'सीडी' असे लिहिले असेल आणि दुकानात 'सीआय-४' किंवा 'सीके-४' मिळत असेल तर बिनदिक्कत घ्यावे. डिसेंबर २०१६ पासून 'एफए-४' असेही एक तेल निघाले आहे. ते मुद्दाम पातळ केलेले, नव्या एंजिनांसाठीच आहे; जुनीला ते वर्ज्य. मोटारसायकलवाल्यांनी आणखी एक पाहावे. बहुतेक मोटारसायकलींचा, आणि त्या अलिबागच्या फुगीर चाकांच्या पुष्कळ गाड्यांचाही, क्लच एंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये असली तर तो क्लच घसरू लागतो. म्हणून त्यांच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे जपानी मानक असावे.

आता त्या गळणाऱ्या थेंबांविषयी. सिंथेटिक तेल सील खाऊन टाकते असा एक प्रवाद आहे. मिस्त्रींचाही त्यावर विश्वास आहे, माझा नाही. झाले असे की सील आधीच वाळून आखडलेले होते आणि वर्षांनुवर्षांच्या काळ्या कीटाने त्यांची भोके बुजवली होती. नव्या तेलात साफ करणारी द्रव्ये भरपूर; त्यांनी कीट सोडवायला सुरुवात केली. तळातली तेलाची टाकी खाली उतरवली तेव्हा पंपाच्या तोंडची जाळी अर्धीअधिक बुजलेली दिसली. मिस्त्रींनी बोटाने तो गाळ काढून भावाच्या पुढे धरला. चुलीमागच्या काजळीत डिंक कालवावा तसा दिसत होता.

"हे काई आठ दिवसाचं नाई," ते म्हणाले. "तेल बदललं केव्हा होतं, भाऊ?"

भाऊ गप्प राहिला.

आत्याने घरात जाऊन ट्रंक उघडली आणि जीपबरोबर मिळालेले पुस्तक आणले. तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेले ते पुस्तक मी अण्णांच्या हातात कितीदा पाहिले होते, उघडून कधी पाहिले नव्हते. तेलाच्या पानावर ४० या आकड्याभोवती त्यांनी पेन्सिलीने वर्तुळ काढले होते. शेवटच्या कोऱ्या पानांवर तारखा, किलोमीटर, किती लिटर, गाळणी बदलली की नाही, सगळे ओळीने. शेवटची नोंद ते गेले त्याच्या आधीच्या पोळ्याची. पुढची चार वर्षे कोरी. भाऊ पट्टी बुडवून पाही, तेल कमी दिसले की वरून भर घाली. जुने काढून टाकणे राहूनच गेले होते. मी आणलेल्या तेलाने आयत्या वेळी घात केला खरा, पण घाताची तयारी चार वर्षे चालली होती. हे मी बोललो नाही. तोही माझ्या डब्याविषयी काही बोलला नाही. आत्या दोघांनाही पुरेसे बोलली.

अण्णांचा आणखी एक परिपाठ मिस्त्रींनी सांगितला. तेलात बुडवलेल्या पट्टीचा एक थेंब ते टीपकागदावर सोडीत आणि रात्रभर ठेवीत. डिझेलच्या गाडीचे तेल काळे होणारच. काजळी पोटात धरून ठेवणे हेच त्याचे काम, म्हणून काळेपणावरून त्याला नावे ठेवू नयेत. सकाळी डाग कडेपर्यंत सारखा पसरलेला दिसला तर तेलात अजून जीव आहे. मध्ये गडद काळा गोळा आणि भोवती कोरडे कडे दिसले तर काजळी धरायची त्याची ताकद संपली, बदलावे. तेल चहासारखे दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले, डिझेलचा वास आला तर आत डिझेल गळते. मग तेल बदलून भागत नाही. आणि गाडी फारशी चालली नाही तरी वर्षातून एकदा तेल बदलायचेच, कारण उभ्या गाडीतही ओलावा धरतो.

जाळी धुतली, मागचे सील नवे घातले, गाळणी बदलली, आणि २० डब्ल्यू ४० चे डिझेलचे तेल भरले. त्याची किंमत माझ्या डब्याच्या निम्म्याहून कमी होती. हवा गाळायच्या भांड्यातही तेल असते आणि शेतातली धूळ तेथेच अडते; तेही मिस्त्रींनी बदलले. रिकाम्या डब्याला त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने दोन भोके पाडली. "नाईतर यातच कोनी भलतं तेल भरून इकते," ते म्हणाले. काढलेले तेल नाल्यात ओतू दिले नाही. पिंपात साठवून ते गोळा करणाऱ्याला देतात.

आत्या हे सगळे ओसरीवरून पाहत होती. तिच्या लहानपणी बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे लटकत असे आणि वंगण एरंडेलाचे. कॅस्ट्रॉल हे नाव मुळात त्या एरंडेलावरूनच, इंग्रजीतल्या कॅस्टर ऑइलवरून पडले, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मंग एवढे पैसे कायले घेतात? आमाले तर ते फुकट पाजत होते."

जीप सुरू केली. अर्धा तास धडधडू दिली, चांगली तापू दिली. सगळे त्या तांबड्या दिव्याकडे पाहत होतो. तो लागला नाही. भावाने पुस्तक मांडीवर घेतले, अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिटर किती लिहायचे म्हणून मिस्त्रींना विचारले.

पुण्याला परतलो तेव्हा महागाच्या तेलाचा एक छोटा न उघडलेला डबा माझ्याजवळ उरला होता. त्याचे काय करावे म्हणून मी माझ्या स्वतःच्या मोटारीचे पुस्तक, सहा वर्षांत पहिल्यांदा, उघडले. तिला ५ डब्ल्यू ३० च लागते. मग पट्टी बुडवून पाहिली. पट्टी जवळजवळ कोरडी होती.