मी सांगितलं होतं ना!

‘मी सांगितलं होतं ना!’ हे वाक्य दिवसातून किती वेळा आपल्या तोंडून निघतं, कधी मोजलंय? डबा विसरणाऱ्या मुलाला, गॅसचा नंबर न लावणाऱ्या नवऱ्याला, कोथिंबिरीऐवजी मेथी आणणाऱ्या दिराला... मीही हे वाक्य अगदी सढळपणे वापरायची. एका रात्रीनं मात्र माझी बोलती बंद केली.

माझी आई गावाकडे एकटी राहते. वय ७४, मधुमेह जुना. सकाळी एक गोळी आणि रात्री अर्धी, असं वर्षानुवर्षं चाललेलं. गेल्या पावसाळ्यात तिचं जेवण फारच कमी झालं, म्हणून तिचे रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, ‘‘रात्रीची गोळी बंद करा, सकाळची राहू द्या.’’ घरी आल्या आल्या मोबाइल कान आणि खांद्यात धरून, पोळ्या लाटता लाटता मी आईला सांगून टाकलं, ‘‘आई, रात्रीची बंद, सकाळची एक चालू ठेव. कळलं ना?’’ ‘‘हो हो,’’ आई म्हणाली. झालं, एक काम उरकलं!

तिसऱ्या रात्री दोन वाजता शेजारच्या वहिनींचा फोन. आईला दरदरून घाम फुटला होता, हातपाय थरथरत होते. तिनं कशीबशी हाक मारली म्हणून वहिनी धावल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात मधुमेहाचा पेशंट, त्यामुळे साखर उतरलीय हे त्यांनी लगेच ओळखलं. आई शुद्धीवर होती. त्यांनी तिला साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षानं तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

सकाळी मी पोचले तेव्हा आई बरी होती. आणि मी पहिलं वाक्य काय बोलावं? ‘‘अगं, मी सांगितलं होतं ना, रात्रीची बंद म्हणून!’’ आई क्षीण आवाजात म्हणाली, ‘‘तू म्हणालीस, रात्रीची एक चालू ठेव. मला वाटलं, अर्धीची एक केली डॉक्टरांनी.’’

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बोलत असताना आमच्या कुकरची शिट्टी झाली होती. त्या शिट्टीत नेमके ‘बंद, सकाळची’ हे दोन शब्द बुडाले. उरलं ते ‘रात्रीची एक चालू ठेव’. वाक्य पूर्ण, अर्थही सरळ. आईनं शंका तरी कशाची घ्यायची?

हे सगळं माझ्या लेकीला सांगितलं, तर तिनं तिची वही माझ्यापुढे ठेवली. ती पत्रकारिता शिकते. वहीत एका ओळीत पाच चौकोन काढले होते. पहिल्यापासून पाचव्याकडे जाणारा बाण, आणि मधल्या चौकोनाला खालून येऊन धडकणारा आणखी एक. ‘‘आई, ही बघ तुझी आणि आजीची गोष्ट,’’ ती म्हणाली.

ही आकृती अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन यांची. ते बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ. १९४८ साली त्यांनी ती एका लेखात मांडली. पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह तो लेख पुस्तकरूपानं आला. आकृती अगदी सोपी आहे. निरोप जिच्या मनात आहे ती व्यक्ती, म्हणजे मी. निरोपाचं संकेतात रूपांतर करणारं यंत्र, म्हणजे माझा मोबाइल. संकेत जातो तो मार्ग. पलीकडे संकेताचा पुन्हा आवाज करणारं यंत्र, आईचा मोबाइल. आणि शेवटी आई. खालून धडकणारा तो सहावा चौकोन म्हणजे ‘नॉइज’, गोंगाट. शॅनन यांच्या मनात तारेतली खरखर होती, माझ्या घरात कुकर होता, एवढाच फरक!

गोंगाट पूर्ण टाळता येत नाही, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यावरचा एक उपाय म्हणजे निरोपात थोडी पुनरुक्ती ठेवणं. बँकेच्या चेकवर आपण रक्कम आकड्यात लिहितो आणि अक्षरातही लिहितो, ते यासाठीच. एक चुकलं तर दुसरं सावरून घेतं. मी मात्र औषधाचा निरोप एकदाच, तोही घाईत सांगितला होता.

पण मैत्रिणींनो, मला त्या आकृतीत खरी बोचली ती वेगळीच गोष्ट. बाण एकाच दिशेनं जातो. रेडिओवरच्या बातम्यांना किंवा गावातल्या दवंडीला ते ठीक आहे. पण त्या बाणात पलीकडे काय पोचलं, हे सांगणाऱ्याला कळायची सोयच नाही. पुढे १९५४ साली विल्बर श्रॅम या अभ्यासकानं परतीच्या बाणावर भर दिला. ऐकणारा आपल्याला काय समजलं ते परत कळवतो, तेव्हाच संवादाचं वर्तुळ पुरं होतं.

मला वाटायचं, आईचं ‘हो हो’ हाच परतीचा बाण. दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला विचारलं, ‘‘गोळी वाढवली असं वाटलं, तर मला उलटा फोन का नाही केलास?’’ ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘तू कामात होतीस गं. ‘कळलं ना?’ असं म्हणालीस ना, तेव्हाच वाटलं, परत विचारलं तर चिडशील.’’

खरं सांगते, कुकरची शिट्टी परवडली. त्या शिट्टीनं दोनच शब्द गिळले होते. माझ्या घाईच्या सुरानं आईचा प्रश्नच गिळून टाकला.

आता आम्ही दोघींनी पद्धत बदलली आहे. औषधाचं काही सांगायचं असेल तर गॅस बंद करते, खाली बसते, मग फोन लावते. ‘कळलं ना?’ असं विचारत नाही, कारण त्याला उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी म्हणते, ‘‘आई, मी नीट सांगितलं का ते बघू दे. तू कशी कशी घेणार ते मला सांग.’’ म्हणजे परीक्षा तिची नाही, माझी. शिवाय तोच निरोप वहिनींच्या मोबाइलवर लिहून पाठवते. त्या मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून गोळ्यांच्या डब्यावर चिकटवतात.

परवा आईनं लोणच्याचं प्रमाण सांगितलं. मी ‘हो हो’ म्हणून फोन ठेवणार, तोच पलीकडून आवाज आला, ‘‘थांब. मीठ किती म्हणाले मी? सांग बघू!’’

मला सांगता आलं नाही.