थंड पडलेली खार आणि बेघर पिसू

आपल्याकडची खार झाडावर घरटे बांधते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील भूखार मात्र जमिनीत बीळ खणून राहते. त्या बिळात तिचे फुकटे भाडेकरूही असतात : उवा, गोचिड्या आणि पिसवा. दुसऱ्या प्राण्याच्या अंगावर राहून पोट भरणाऱ्या अशा जीवांना बाह्य परजीवी म्हणतात.

यांपैकी ‘ओरोप्सिला मोंटाना’ ही पिसू पाहा. तिला पंख नसतात. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, म्हणून केसांच्या दाटीतून ती सहज सरकते. उडी मारण्यासाठी पिसवा रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनात ऊर्जा साठवतात आणि बेचकीप्रमाणे एकदम मोकळी करतात.

पण घर सोडून उडी मारायची केव्हा? भूखार मेली की! मेलेल्या शरीरात उष्णता निर्माण होत नाही. शिवाय लहान शरीराचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने मोठे असते. म्हणून खार लवकर गार पडते. ऊब गेली की पिसू नवा पोशिंदा शोधू लागते. तो माणूसही असू शकतो!

खरा धोका इथेच आहे. प्लेगचे जंतू मुख्यतः पिसवांमार्फत पसरतात. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग केला. प्लेगने आजारी, पिसवा असलेल्या उंदराजवळ त्यांनी जाळीआड निरोगी उंदीर ठेवला. पहिला मेला, स्पर्शही न होता दुसऱ्यालाही प्लेग झाला!

ज्या जागतिक साथीने १८९६ साली मुंबईत थैमान घातले, तीच १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. १९०८ मध्ये कॅलिफोर्नियातील भूखारींत प्लेग सापडला. तो आजही तेथील रानातून गेलेला नाही.

मग भूखारी मारून टाकल्या तर? थोडा विचार करा. असंख्य पिसवा एकदम बेघर होतील! म्हणून आधी पिसवांचा बंदोबस्त करावा लागतो. २०१५ मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलेल्या दोघांना प्लेग झाला, तेव्हा प्रवाशांचे तळ काही दिवस बंद ठेवून बिळांत पिसूनाशक औषध मारण्यात आले.

प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत. पण ती वेळेवर मिळायला हवीत. मेलेला उंदीर किंवा खार दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. ती निपचित पडलेली असेल. तिचे भाडेकरू मात्र नव्या घराच्या शोधात असतील!