ग्राही आत गेला, तरी काम चालूच!

आपल्या विट्याचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर गेले. गाव सोडलं म्हणून त्यांचं काम थांबलं का? नाही. पेशीतल्या ग्राहींचंही असंच आहे.

पेशीपटलावरील ग्राहीला संप्रेरक चिकटलं की आत संदेश जातो. मग पटलाचा तेवढा भाग आत वळून त्याची पिशवी होते आणि ती एंडोसोम नावाच्या कप्प्यात मिसळते. ग्राही आत ओढला की संदेश संपला, असंच पूर्वी मानत. पण २००९ मध्ये उंदराच्या थायरॉईड पेशींत आत गेलेला ग्राहीही संदेश देताना आढळला. २०१३ मध्ये अ‍ॅड्रेनॅलिनच्या ग्राहीचा थेट पुरावा मिळाला. फक्त सक्रिय ग्राहीलाच चिकटणारं चमकतं प्रथिन एंडोसोमवरही दिसलं.

याचा उपयोग काय? वेदनेशी संबंधित एनके-१ हा ग्राही आत गेल्यावरही चालू राहतो. मग त्याला नुसतं बाहेर अडवून कसं भागेल? २०१७ मध्ये औषधाला स्निग्ध रेणू जोडून ते एंडोसोमपर्यंत पोचवलं, तेव्हा प्राण्यांमध्ये वेदना जास्त वेळ दबून राहिली.

म्हणून आकृती काढताना पटलावरच थांबू नका. एंडोसोम काढा आणि तिथूनही संदेशाचा बाण दाखवा.