मोटारीचा चारा

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन काळी तगर ह्या नावाने दूरदेशी प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात असे नमूद आहे की, तगरचा माल गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोच बंदराकडे नेला जात असे. एवढा लांबचा पल्ला गाठावयाचा म्हटल्यावर गाडीवानाला बैलाच्या देखणेपणाचे कौतुक करीत बसणे परवडणारे नव्हते. बैल चारा किती खातो व ओझे किती ओढतो, हेच त्याला पाहावे लागे. आज त्याच बालाघाटावरून मोटारी धावतात. परंतु मोटारीविषयी हा जुना प्रश्न विचारावा, असे फारच थोड्यांच्या मनात येते.

तो विचारण्यासाठी दोन मोटारी समोर ठेवू. पहिली रेंज रोव्हर ही पेट्रोलवर चालणारी, ऐषारामी, थोरली एसयूव्ही. दुसरी नेक्सॉन ईव्ही ही विजेवर चालणारी लहान क्रॉसओव्हर. गंमत अशी की, ह्या दोघी एकाच घरच्या आहेत. रेंज रोव्हर बनविणारी इंग्लंडातील कंपनी टाटांनी २००८ साली विकत घेतली व २०२४ पासून त्या मोटारीची जुळणी पुण्यात होऊ लागली. नेक्सॉनची विजेवरील आवृत्ती टाटांनीच २०२० साली बाजारात आणली. ती पुणे जिल्ह्यातीलच रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. थोरलीची लांबी पाच मीटरांहून अधिक, वजन अडीच टनांच्या आसपास आणि शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती. धाकटी चार मीटरांच्या आत बसते, वजनाने दीड टनाच्या आसपास भरते आणि तिची शक्ती सुमारे १४० अश्वशक्ती आहे. किमतींचे अंतर तर विचारूच नये. एकीची दोन कोटी रुपयांच्या घरात, तर दुसरीची पंधरा लाखांच्या आसपास. ही बरोबरी हत्तीची व बैलाची झाली, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु चाऱ्याचा हिशेब हत्तीलाही चुकत नाही.

हा हिशेब युनिटांत मांडणे सोयीचे. वीजबिलात ज्याला युनिट म्हणतात, त्याच मापाने पेट्रोलमधील ऊर्जाही मोजता येते. एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे ९ युनिट ऊर्जा मिळते. थोरली मोटार लिटरमागे ८ किलोमीटर जाते असे धरले, तर १०० किलोमीटरांसाठी तिला साडेबारा लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ११२ युनिट ऊर्जा लागते. धाकटीला तेवढ्याच वाटेसाठी बॅटरीतून सुमारे १६ युनिट पुरतात. हाच हिशेब उलटा मांडून पाहावा. धाकटीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिट मावतात. म्हणजे जेमतेम पाच लिटर पेट्रोलमध्ये असते तेवढी ऊर्जा. तेवढ्या शिदोरीवर ती धाराशिवहून पुणे गाठू शकते. थोरली पाच लिटरांत तुळजापूरला जाऊन परत धाराशिवच्या वेशीशी येते न येते तोच थांबेल.

एवढा मोठा फरक कशामुळे पडतो? त्याची कारणे दोन आहेत व ती निरनिराळी ओळखली पाहिजेत. पहिले कारण उष्णतेचे. पेट्रोलच्या एंजिनात इंधनाचा स्फोट होऊन वायू प्रसरण पावतात आणि दट्ट्या ढकलला जातो. परंतु त्या स्फोटातील बहुतेक उष्णता धुराच्या नळीवाटे व रेडिएटरमधून हवेत निघून जाते. ११२ युनिटांपैकी चाकांपर्यंत सुमारे पाव हिस्साच पोहोचतो. विहिरीवरील पंपाला असते तशी विजेची मोटर ह्या बाबतीत फार काटकसरी असते. ती ऊर्जेचा मोठा भाग चाकांना देते. दुसरे कारण आकाराचे. आत बसलेल्या पाच माणसांचे वजन तीनशे-साडेतीनशे किलो, आणि त्यांना नेण्यासाठी अडीच टनांचे धूड हलवावयाचे. शिवाय त्या रुंद व उंच देहाने समोरची हवा कापावयाची. हे दुसरे कारण वीज वापरल्याने नाहीसे होत नाही. उद्या एखादी अवाढव्य मोटार विजेवर चालू लागली, तरी तिचे ओझे ओझेच राहील.

घाट उतरताना विजेच्या मोटारीचा आणखी एक गुण दिसून येतो. तुळजापूरहून सोलापूरकडे उतरताना ब्रेक लावला की साध्या मोटारीची गती घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होऊन वाया जाते. विजेच्या मोटारीत चाकेच मोटर फिरवितात, मोटर जनित्र बनते व वीज परत बॅटरीत जमा होते. मात्र ह्या परताव्याचा कोणी फार गवगवा करू नये. दीड टनाची मोटार १०० मीटर खाली उतरली, तरी फार तर अर्ध्याहून थोडी कमी युनिट ऊर्जा मोकळी होते आणि तीतीलही काही भागच हाती लागतो. त्यावर मैलभर वाट निघेल. अलीकडे पेट्रोलच्या काही मोटारींतही लहानशी बॅटरी बसवून अशी थोडी बचत साधतात.

मग पेट्रोलने शंभर वर्षे राज्य केले ते कशाच्या बळावर? विजेची मोटार ही काही कालची नवलाई नव्हे. ताशी १०० किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडला तो १८९९ साली, बेल्जियमच्या कामिय झेनात्सी ह्यांनी, आणि त्यांची मोटार विजेवर चालणारी होती! परंतु १ किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते; तर आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीचा संच घेतला, तरी किलोमागे एक-सप्तमांश युनिटाच्या आसपासच भरते. त्यामुळे ४५ युनिटांच्या बॅटरीचे वजन तीनशे किलोंहून अधिक होते. १९१२ साली एंजिन हाताने दांडा न फिरविता विजेच्या कळीने सुरू करण्याची सोय झाली, आणि पेट्रोलच्या मोटारीचा उरलासुरला त्रासही संपला.

आजही ह्या बाबतीत थोरलीचाच वरचष्मा आहे. तिची टाकी पाच मिनिटांत भरते. धाकटीला वेगवान केंद्रावरही पाऊण तास थांबावे लागते, आणि घरच्या साध्या पंधरा अँपिअरच्या बटणावर तर सारी रात्र अपुरी पडते. नवरात्रात तुळजापूरला जमणाऱ्या गर्दीत अशा एखाद्या केंद्रापुढे दहा मोटारी उभ्या राहिल्या म्हणजे काय होईल, ह्याची कल्पना करावी. खेड्यात वीज गेली की प्रश्नच मिटला. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीची वाट चिखलाने भरली असता थोरलीची चारही चाके ओढ घेतात. धाकटीची फक्त पुढची दोन. ज्याचे शेत अशा वाटेवर आहे, त्याला हा गुण क्षुल्लक वाटणार नाही. मात्र दोन कोटींची मोटार शेताच्या वाटेवर नेणारा शेतकरी विरळाच.

पैशाच्या हिशेबात फार वेळ घालविण्याचे कारण नाही. पेट्रोल लिटरला १०० रुपये व वीज युनिटाला १० रुपये धरली, तर १०० किलोमीटरांना एकीला साडेबाराशे रुपये व दुसरीला दोनशेच्या आत खर्च येतो. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, विजेच्या मोटारींवर ५ टक्के.

खरा विचार करावयाचा तो पुढेच आहे. विजेची मोटार धूर सोडत नाही. पण तिची वीज कोठून येते? महाराष्ट्रातील पुष्कळशी वीज आजही कोळसा जाळून तयार होते, आणि कोळशाच्या केंद्रातही सुमारे दोन-तृतीयांश उष्णता वाया जाते. म्हणजे पेट्रोलच्या मोटारीच्या नळीतून जी उष्णता रस्त्यावर गेली असती, ती आता वीजकेंद्रात वाया जाते. १०० किलोमीटरांमागे थोरली सुमारे २९ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. धाकटीच्या वाट्याला, बॅटरी भरताना होणारी गळती धरून १८ ते १९ युनिट व युनिटामागे सुमारे ०.७ किलो, असा १३ किलोंचा भार येतोच. बॅटरी बनविताना कारखान्यात झालेला धूर तो आणखी वेगळा. फरक मोठा आहे, पण सातपटींचा राहिला नाही, दुपटीवर आला.

मराठवाड्यात ह्या हिशेबात पाण्याचीही भर घालावी लागते. कोळशाच्या केंद्रात वाफेसाठी व वाफ थंड करण्यासाठी अतोनात पाणी लागते. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्याच्या पुढल्याच वर्षी शेजारच्या लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या मुलखात माणसांच्या पिण्याचे पाणी रुळांवरून येते, तेथे मोटारीसाठी तयार होणारी वीज किती पाणी पिते, हे विचारणे अस्थानी ठरत नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर आता पवनचक्क्या उभ्या आहेत व कौडगावला महानिर्मितीचा सौरप्रकल्प आहे. वारा व ऊन ह्यांना ना कोळसा लागतो, ना वाफ. सौरपट्ट्या धुण्यापुरते पाणी लागते, एवढेच. घराच्या छपरावरील तीन किलोवॅटच्या पट्ट्या स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे १२ युनिट देतात. धाकटी मोटार त्यावर सत्तर किलोमीटर जाईल. अडचण एकच आहे. ऊन दिवसा असते, आणि त्या वेळी मोटार कचेरीच्या किंवा दुकानाच्या दाराशी उभी असते. ती घरी येऊन तारेला जोडली जाते ती दिवेलागणीनंतर, जेव्हा छपरावरच्या पट्ट्या निजलेल्या असतात आणि कोळशाची भट्टी धगधगत असते. म्हणून दिवसभर मोटार जेथे उभी राहते, तेथे सावलीसाठी टाकलेल्या छपरावरच पट्ट्या बसवून खाली वीज भरण्याची सोय करू लागले आहेत.