उघडताच फुलणारं ग्रीटिंग कार्ड घरीच करा. पण कात्रीच्या आधी घडी समजून घ्या

राखी, शिक्षक दिन, दिवाळी आली की मोबाईलवर कागदी फुलांच्या ग्रीटिंग कार्डांचे व्हिडिओ फिरू लागतात. कार्ड उघडलं की आतून फुलांचा गुच्छ उभा राहतो. बघायला सोपं वाटतं, पण करायला बसलं की अनेकांचं कार्ड एक तर नीट बंद होत नाही, नाहीतर उघडताना फाटतं. व्हिडिओत हात भराभर चालतात, घडीचं गणित कुणी सांगत नाही. खरी गोम तिथेच आहे.

सामान तालुक्याच्या कुठल्याही स्टेशनरी दुकानात मिळतं. कार्डासाठी 200 जीएसएमचा ए-4 कार्डशीट, फुलांसाठी 80 जीएसएमचा रंगीत झेरॉक्स पेपर, गम आणि कात्री. शाळेतला घोटीव कागदही चालतो, पण तो एकाच बाजूने रंगीत असतो. फुलाची आतली बाजू समोर दिसते, म्हणून रंग आत येईल असं बघायचं. नाहीतर सगळी फुलं पांढरी!

एक फूल असं होतं

7 सेंटिमीटरचे चौकोन कापा. ए-4 च्या एका कागदात असे 12 बसतात, गुच्छाला 7 लागतात. चौकोनाची एकदा अर्धी घडी, मग पुन्हा अर्धी, मग कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण. मोकळ्या बाजूला पाकळीसारखा गोल काप द्या. उघडलं की 8 पाकळ्यांचं फूल. त्यातली एक पाकळी मधोमध असलेल्या टोकापर्यंत कापून काढा. आता राहिल्या 7. फटीच्या एका बाजूची पाकळी दुसऱ्या बाजूच्या पाकळीवर चिकटवली की 6 पाकळ्यांचं खोलगट, द्रोणासारखं फूल तयार. ही एक पाकळी कापणं बरेच जण विसरतात. मग फूल सपाटच राहतं आणि कार्डात उभं राहत नाही.

फूल दाबून अर्धं करा, वर तीन आणि खाली तीन पाकळ्या येतील. सातही फुलं अशीच चपटी ठेवायची, टोकं सगळी एकाच दिशेला. खाली एक, त्याच्या डाव्या-उजव्या पाकळीवर दोन, त्या दोघांच्या मध्ये वर एक, पुन्हा दोन, शेवटी एक. गम फक्त पाकळीच्या शेंड्याला, तोही थेंबभर. मधल्या टोकाकडे गम गेला की फुलं एकमेकांना कायमची चिकटली म्हणून समजा.

आता घडी

ए-4 कार्डशीट मधोमध दुमडला की प्रत्येक बाजू साधारण 14.8 सेंटिमीटर रुंद होते. घडीपासून फुलाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर यापेक्षा कमीच हवं. जास्त झालं तर बंद कार्डातून पाकळ्या बाहेर डोकावतात आणि चुरगळतात. म्हणून गम लावण्याआधी गुच्छ नुसता ठेवून कार्ड एकदा बंद करून बघा.

गुच्छाची टोकं घडीकडे करून ठेवा. वरच्या फुलाच्या मधल्या पाकळीला गम लावा, कार्ड बंद करून दाबा. आता पूर्ण गुच्छ त्या बाजूला चिकटेल. मग दुसऱ्या तोंडाच्या पाकळीला गम लावून पुन्हा बंद करा. जागा डोळ्यांनी मोजायची गरज नाही, कार्ड आपली जागा आपणच ठरवतं. पूर्ण वाळेपर्यंत मात्र उघडायचं नाही. राखी आणि शिक्षक दिन पावसाळ्यात येतात, दमट हवेत गम वाळायला वेळ लागतो. रात्रभर जाड वहीखाली ठेवलेलं बरं. घरची खळ वापरली तर कागद ओला होऊन सुरकुततो आणि पुढे झुरळंही येतात.

विकायचं असेल तर

बचत गटाच्या स्टॉलवर अशी कार्डं सहज मांडता येतात. पण भाव लावताना बहुतेक बाया फक्त कागद आणि गम मोजतात, स्वतःचे हात मोजत नाहीत. समजा गावात 8 तासांचा रोज 400 रुपये आहे, म्हणजे तासाला 50. एका कार्डाला एक तास लागत असेल आणि ते 40 ला विकलं, तर शेतात गेलेलं परवडलं असतं. म्हणून दहा कार्डांची फुलं एकदम कापा, एकदम चिकटवा, आणि घड्याळ लावून बघा एकाला खरोखर किती वेळ जातो. भाव त्यानंतर ठरवा.

पोस्टाने पाठवणार असाल तर वजन बघा. 200 जीएसएमचा ए-4 साधारण साडेबारा ग्रॅमचा, फुलं दोन-अडीच ग्रॅम, पाकीट पाचेक ग्रॅम. म्हणजे 20 च्या अगदी काठावर. साध्या पत्राचं टपाल 20 ग्रॅमच्या टप्प्याने वाढतं, त्यामुळे 250 जीएसएमचा कार्डशीट घेतला की तिकीट जास्त लागणार. वर टिकल्या, मणी लावायचा मोह झाला तर आधी सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या. मणी पाकिटात टोचतातही.