फांदीवरचा सराव

चेकोस्लोव्हाकियाच्या व्यायामपटू वेरा चास्लाव्हस्का यांची सात ऑलिंपिक सुवर्णपदके श्रोत्यांना ठाऊक असतील: तीन १९६४ मध्ये टोकिओला, चार १९६८ मध्ये मेक्सिकोला. परंतु मेक्सिकोच्या दोनच महिने आधी सोविएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. सुधारणांचा पुरस्कार करणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर सही केलेली असल्याने त्या डोंगराळ मुलखात लपून राहिल्या. तेथे झाडाची फांदी हाच त्यांचा दांडा आणि बटाट्यांची पोती हीच वजने!

पुढे विजयमंचावर सोविएत राष्ट्रगीत वाजू लागताच त्यांनी मान खाली घालून तोंड फिरविले. हा निःशब्द निषेध साऱ्यांना कळला, राज्यकर्त्यांनाही. सही मागे घ्या, असा आग्रह झाला. त्यांनी ती घेतली नाही. परिणामी अनेक वर्षे त्यांना प्रशिक्षकाचे कामही नाकारण्यात आले. १९७९ मध्ये मेक्सिकोत शिकविण्याची परवानगी मिळाली, ही त्यातल्या त्यात सवलतच म्हणावयाची.

१९८९ च्या सत्तांतरानंतर राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी त्यांना सल्लागार नेमले. राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पुढे एका कौटुंबिक आघाताने त्या दीर्घकाळ एकांतात गेल्या. तो प्रसंग येथे उकरण्याचे कारण नाही. त्यातून त्या पुन्हा माणसांत आल्या. ३० ऑगस्ट २०१६ रोजी प्राग येथे त्यांचे निधन झाले.